न वाजणारा कीबोर्ड

कीबोर्ड घेताना माणसं रंग बघतात, किंमत बघतात. मी कळ दाबून बघायचो, आणि तेही डोळे मिटून. चंद्रपूरच्या जुन्या कॉम्प्युटरांच्या दुकानात मी असा उभा राहिलो की दुकानदार बाकीच्या गिऱ्हाइकांना सांगायचा, "उनको छेडो मत, भाऊ पूजा करून राह्यले." गिऱ्हाइकं हसायची. मला राग यायचा, पण डोळे उघडले की बोटांचं लक्ष उडतं, म्हणून राग तसाच गिळायचो.

दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती. आरमोरीला आमच्या घरी, स्वयंपाकघराला लागून असलेल्या आतल्या खोलीत मी टायपिंगची कामं करायचो. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, सोसायटीचे अहवाल, कुणाच्या धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणाचे अर्ज. वीज असेल तोवर टायपिंग, गेली की आळोखेपिळोखे. दिवसभर बोटं चालवणारा माणूस कीबोर्डच्या बाबतीत नखरेल होतो, आणि मी तर जात्याच नखरेल. बायको म्हणायची, भाजीत मीठ नसलं तर हे निमूट जेवतात, कळ जराशी जड लागली की यांचं तोंड वाकडं.

नवे कीबोर्ड तेव्हा सगळे रबराचे येऊ लागले होते. कळ दाबली की भिजवलेल्या पोह्यांवर बोट ठेवल्यासारखं वाटायचं. अक्षर उमटलं की नाही, हे पडद्याला विचारावं लागायचं. जुने कीबोर्ड निराळे. प्रत्येक कळेखाली स्वतःचा स्विच, स्विचमध्ये स्प्रिंग, आणि कळ खाली जाताना अर्ध्या वाटेवर एक बारीक खटका. खटका ओलांडला की अक्षर गेलं, बोटानं तिथूनच परत फिरावं. ज्यानं असा खटका बोटाखाली एकदा अनुभवला, त्याला रबर पुन्हा गोड लागत नाही. माझा कीबोर्ड कुठल्याशा कचेरीच्या भंगारातून आलेला होता, विटेसारखा जड, आणि त्याच्या प्रत्येक खटक्याला 'टक्' असा खणखणीत आवाज होता. मी वेगात आलो की तो आवाज घर ओलांडून रस्त्यावर जायचा.

घर आणि रस्त्याच्या मध्ये आमची सपरी, म्हणजे पुढची पडवी. तिथं बाची खाट होती. बा म्हणजे माझे वडील. जन्म सगळा तलावात मासे धरण्यात गेला. काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले, तेव्हा त्यानं जाळं खुंटीला टांगलं आणि सपरीतल्या खाटेवर येऊन बसला. फार बोलायचा नाही. आधीही बोलत नव्हता.

आमच्याकडे सासरा घरात वावरताना खाकरतो. आत सून असते, ती कशी बसली आहे, डोक्यावर पदर आहे की नाही, कुणाला ठाऊक. म्हणून त्यानं खाकरायचं, हाक मारायची नाही. डोळे गेल्यावर बा हे सोडेल असं वाटलं होतं, पण तो उलट जास्तच खाकरू लागला, कारण आपलं तोंड कुणीकडे आहे हेच त्याला कळायचं नाही. चहा हवा असला की तो खाकरायचा आणि बायको दाराशी येऊन हातातल्या बांगड्या वाजवायची. ऐकलं, आणते, असा त्याचा अर्थ. दोघांचं बोलणं एवढंच, आणि त्यात कधी गफलत झाली नाही. मला बोलवायचं असलं तर मात्र बा काठी फरशीवर आपटायचा. खाकर सुनेची, काठी माझी. हे कुणी बसून ठरवलं नव्हतं, पण घरात पक्कं होतं.

परसात जायचं असलं की काठी वाजायची. मी उठून जायचो, बा माझ्या खांद्यावर हात ठेवायचा आणि आम्ही संडासापर्यंत जायचो. संध्याकाळी तोच हात, तोच खांदा, आणि तलावाची पाळ. पाळीवर बसून तो येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचा, कोणाच्या जाळ्यात काय लागलं, पाणी कुठवर आलं. चालत पाळीवर जाणं, दिवसातलं एवढंच त्याचं स्वतःचं उरलं होतं. मी घरी नसलो तर तो खाकरायचा, बायको ओळखायची आणि शेजारच्या घरातल्या माणसाला हाक मारायची. सुनेच्या खांद्यावर हात ठेवून परसात जाणं बाच्या स्वप्नातही आलं नसतं.

एकदा आत्या, म्हणजे बाची धाकटी बहीण, मुक्कामाला आली. माझी टकटक ऐकून ती दुपारी उठून बसली आणि दारातून मला म्हणाली, "काऊन रे, बापाले झोपू देतं का नाई? दिसभर हे टकटक, टकटक. म्हाताऱ्याचं डोस्कं फुटून जाईन ना."

बा खाटेवरून म्हणाला, "वाजू दे ना वं. का होते त्याच्यानं."

बा भिडस्त होता. ताटात भात कमी पडला तरी पोट भरलं म्हणणारा. त्यामुळे 'वाजू दे' याचा अर्थ मी असा लावला की, त्रास फार होतो, पण पोरगं पोटासाठी करतंय म्हणून सोसतो. माणसांच्या साध्या बोलण्याचा उलटा अर्थ काढायची मला मोठी हौस. त्या दिवसापासून मला स्वतःच्याच कामाची लाज वाटू लागली. कळ दाबली की आपण बाच्या कपाळावर टिचकी मारतोय असं वाटायचं. मी टायपिंग थांबवलं की तो मान वळवून घराच्या आतल्या बाजूला कान लावायचा. मला वाटायचं, बिचारा, शांत झालं म्हणून सुखावला.

मग माझे उद्योग सुरू झाले. कीबोर्डखाली टॉवेल घडी करून ठेवला. आवाज तेवढाच राहिला, फक्त कीबोर्ड डुलायला लागला. सायकलच्या व्हॉल्व ट्यूबच्या बारीक बारीक रिंगा कापल्या आणि एकेक कळ उपटून तिच्याखाली सरकवल्या. कळ तळाला आपटायची थांबली, पण 'टक्' मधेच होता, खटक्यातच, तो कुठे जातो. बायको म्हणाली, "रबरवाला घेऊन टाका ना एक, सगळे घेते." मी म्हणालो, त्यापेक्षा मी हातानं लिहीन. म्हणजे बाची झोप मला हवी होती, पण माझ्या बोटांचं सुखही सोडायचं नव्हतं. हे तेव्हा मला दिसलं नाही. मला वाटत होतं, मी श्रावणबाळच झालोय.

अखेर चंद्रपूरच्या दुकानदाराला सांगितलं. त्यानं डोकं खाजवलं. "देखो भाऊ, गेमवाले पोट्टे येते ना, त्याहिले हलकी बटण लागते. दाबली का गाडी पळाली पाह्यजे. टायपिंगवाल्याले खटका लागते. तुमचं तो सबसे अलग हाय. खटका भी होना, आवाज भी नको."

"मिळन का?"

"मिळन ना. पन शोधा लागन."

त्यानं आतून पोती ओढून आणली. कुठल्या कुठल्या बंद पडलेल्या कचेऱ्यांचे कीबोर्ड, चहाचे डाग पडलेले, कळांच्या फटीत केस आणि पानाचा चुरा. मी एकेक मांडीवर घेऊन डोळे मिटले. एकाची कळ चिखलात पाय गेल्यासारखी रुतायची. एकाचा खटका डाव्या बाजूला चांगला आणि उजव्या बाजूला मेलेला. एक हलका निघाला, इतका की नुसतं बोट टेकवलं तर अक्षर जायचं. दुकानदारानं तो जोडून गाडीचा गेम लावून दिला, आणि मी गाडी सरळ दरीत घातली. तो म्हणाला, "राहू द्या, तुम्ही टायपिंगच करा."

मग तो सापडला. करड्या रंगाचा, कोपऱ्याला तडा गेलेला. कळ दाबली, अर्ध्या वाटेवर खटका लागला, स्वच्छ, ठाम. आणि आवाज नाही. मी पुन्हा दाबली. मला लहान मुलासारखा आनंद झाला. दुकानदार म्हणाला, "याचं कसं हाय, बोटाले समजते, कानाले नाई."

घरी आल्याबरोबर आम्ही नवराबायकोनं त्याची परीक्षा घेतली. मी आत बसलो. बायको सपरीच्या दारात, बाच्या खाटेच्या मागे उभी राहिली. मी भराभर लग्नपत्रिका टाइप करू लागलो, स्नेहांकित, आप्तेष्ट, अगत्य येण्याचे करावे. सासऱ्यासमोर ती बोलायची नाही, म्हणून हातानं खूण करणार होती. तिनं कान दिला, थोडं थांबली, आणि हात हलवला. नाही येत. मी आणखी जोरात बोटं चालवली. तिनं पुन्हा हात हलवला आणि तोंडाला पदर लावून हसली. मीही हसलो. बाला काहीतरी हालचाल जाणवली असावी. तो म्हणाला, "का करून राह्यले रे?"

"काई नाई बा."

परीक्षा त्याच्यासाठी होती, त्याच्या डोक्यावरून चालली होती, आणि त्यालाच कुणी काही विचारलं नाही की सांगितलं नाही. मला अजून ती दुपार आठवली की बायकोचा तो हलणारा हात आधी दिसतो आणि मग तिच्यापुढे बसलेलं बाचं पांढरं डोकं.

नंतर लगेच रोवणी आली. धानाची रोपं चिखलात लावायचे ते दिवस, तेव्हा गावात बाई म्हणून घरी सापडत नाही. एका दुपारी बायको आमच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणीला गेली. बा झोपला होता, म्हणून तिनं त्याला उठवलं नाही. मला सांगून गेली, मी आहे म्हटल्यावर निर्धास्त गेली.

बाहेर छपराच्या कवेलूंवर पाऊस चालला होता. मी सोसायटीचा अहवाल टाइप करत होतो आणि नव्या कीबोर्डवर बोटं अशी पळत होती की मला मजेत गुणगुणावंसं वाटत होतं. तेवढ्यात सपरीतून खाकर आली. थोड्या वेळानं पुन्हा आली, जरा लांबट. मी ती ऐकली. ऐकली नाही असं मला म्हणता येत नाही. बायको घरात नाही हेही मला माहीत होतं. पण खाकर माझी नव्हती. लग्न झाल्यापासून ती माझ्या कानावर पडून बाजूनं निघून जायची, सुनेचं काम म्हणून, आणि त्या दिवशीही तशीच गेली. माझं बोटसुद्धा थांबलं नाही. काठी वाजली असती तर मी तीरासारखा उठलो असतो.

काठी त्यानं का वाजवली नाही, हे मला नंतर कळलं. आत टकटक नव्हती. म्हणजे पोरगा घरी नाही. डोळे गेल्यापासून मी घरी आहे की नाही, हे त्याला त्या आवाजावरूनच कळत होतं. आवाज थांबला की तो कान लावायचा, तो मी उठून कुठे गेलो का हे बघायला. आणि मी त्याला सुख समजत होतो.

मग परसातून टमरेल गडगडल्याचा आवाज आला.

घराला वळसा घालून, भिंत चाचपत तो एकटाच आला होता आणि संडासाच्या पायरीवर पडला होता. पायरीला शेवाळ धरलं होतं, पाय सटकला आणि कमरेवर आपटला. मी धावत जाऊन त्याला उचलायला लागलो, तर तो कळवळला, मग श्वास गोळा करून म्हणाला, "बरं झालं बापा, तू आला."

त्याला वाटलं, मी बाहेरून आत्ताच आलो. पावसात त्याला धरून मी उभा होतो आणि 'मी आतच होतो' एवढे तीन शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत.

खुब्याचं हाड मोडलं होतं. गडचिरोलीला नेलं, तिथून पुढे ऑपरेशनला नेलं. हाड जोडलं गेलं, पण डॉक्टर म्हणाले, हे वय आणि त्यात दृष्टी नाही, चालण्याची आशा आता धरू नका. बा परत सपरीतल्या खाटेवर आला तो कायमचा. पाळ संपली.

भेटायला माणसं येऊ लागली. केळी, बिस्किटं घेऊन यायची, कसं झालं विचारायची, आणि बा प्रत्येकाला सांगायचा, "पोरगा घरी नव्हता ना. तो असता तं मी एकटा कायले उठलो असतो?" मी तिथेच बसलेलो असायचो. माणसं माझ्याकडे वळून म्हणायची, "तुमचा काय दोष भाऊ, तुम्ही का घरी होते?" मी मान हलवायचो. आपल्याला माफ करणाऱ्यांना चहा पाजण्याइतकं लाजिरवाणं काम दुसरं नाही.

पण दोष कुठेतरी बसतोच. माझ्यावरून तो उठला आणि बायकोवर जाऊन बसला. पाण्याच्या बोअरवर बायका आपसांत बोलू लागल्या की आंधळ्या सासऱ्याला एकटं टाकून सून रोवणीला गेली. तिच्या कानावर ते आलं.  माझ्यासमोर ताट ठेवताना ती ते जरा वाजवून ठेवू लागली. मला सगळं समजत होतं. मी रोज ठरवायचो, आज बाला सांगू, आणि रोज त्याच्या पायाची पट्टी बदलताना म्हणायचो, आता नको, दुखतंय त्याला.

आत्या आली आणि आल्या आल्या खाटेच्या काठावर बसून रडली. मग डोळे पुसून तिनं चहा घेऊन आलेल्या बायकोकडे पाहिलं. "का वं, तुह्याबिगर का रोवणी अडली होती? म्हाताऱ्या माणसाले एकटं सोडून गेली तू?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी ट्रेमधल्या बशीकडे पाहिलं.

तिनं ट्रे खाली ठेवला. बाच्या समोर तिचा मोठा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. "एकटे नव्हते मामाजी. हे होते घरी. आतच बसून होते. तो बिनआवाजाचा आनला ना नवा, त्याच्यावर टाइप करत होते."

आत्याचा चहाकडे गेलेला हात तसाच राहिला. बानं मान उचलली आणि मी ज्या बाजूला नव्हतो त्या बाजूला तोंड केलं. "घरी होता तू?"

"हाव बा."

त्यानं तोंड माझ्या आवाजाकडे वळवलं. "मी खाकरलो होतो. आयकू आलं का तुले?"

नाही म्हणता आलं असतं. पाऊस होता, कुणीही मानलं असतं. "आलं होतं बा. मले वाटलं, तिले बोलावून राह्यला."

 आता बा काठी उचलेल, उचलावीच, असं मला मनापासून वाटत होतं. म्हाताऱ्यानं दोन घातल्या असत्या तर मी खाली बसून रडलो असतो आणि मोकळा झालो असतो.

"बराबर हाय," तो म्हणाला. "खाकर तं तिचीच रायते. तुह्यी का चूक. मीच तुले हाक माराले पाह्यजे होती." आणि मग दाराच्या अंदाजानं, सुनेकडे तोंड करून म्हणाला, "बाई, तुले उगाच बोलून राह्यले लोक. मी सांगतो त्याहिले."

आणि त्यानं सांगितलं. येईल त्याला सांगितलं, "पोरगा घरी होता, पन मीच हाक नाई मारली." दोष त्यानं सुनेवरून उचलला, माझ्यावरूनही उचलला, आणि मोडलेल्या खुब्याशेजारी आपल्या खाटेवर घेतला. मला तो परत मागता आला नाही.

जुना कीबोर्ड मी त्याच संध्याकाळी पुन्हा जोडला. मुद्दाम जोरजोरात वाजवू लागलो. पण बाचा आता आवाजावर भरवसा उरला नव्हता. टकटक चालू असली तरी तो माझ्या नावानं हाक मारायचा. मी धावत जाऊन विचारायचो, "का पाह्यजे बा?" तो म्हणायचा, "काई नाई. हाय का तू, पाह्यलं." मी आत जाऊन बसायचो, अर्धं पान व्हायचं नाही तोच पुन्हा हाक. पहिल्या पहिल्यांदा त्याचा आवाज फुटायचा, कारण ओरडण्याची त्याला सवयच नव्हती. मासे बुजतात म्हणून हळू बोलण्यात त्याचा जन्म गेला होता.

एकदा मी बाजारातून पिशवी घेऊन परत येत होतो. वळणावरच माझं नाव ऐकू आलं. बा ओरडत होता. रस्त्यावरच्या कुणी मान वर करून पाहिलं नाही, सगळ्यांना सवय झाली होती. आतून बायको तितक्याच मोठ्यानं म्हणाली, "बाजारात गेले मामाजी, मी हाय." बा "बरं" म्हणाला. मी फाटकाशी आलो आणि आत पाऊल टाकवेना. आवाज होऊ नये म्हणून मी चंद्रपूरपर्यंत पोती उपसली, आणि ज्या माणसानं उभ्या जन्मात घरात आवाज चढवला नव्हता, त्याला या वयात ओरडायला लावलं.

बानं पुन्हा हाक मारली. मी ओ द्यायला तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. तो क्षणभर थांबला, आणि मग आणखी मोठ्यानं ओरडला.